बाळ रडेल, उचलायचं मात्र तिने

वाचक ताई 51 वर्षांच्या आहेत, इंग्लंडमध्ये रेडिंगच्या आसपास राहतात. तिकडे जाऊन 23 वर्षं झाली. मुलगा नोकरीनिमित्त मँचेस्टरला, मुलगी गेल्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला गेली. फार्मसीतली नोकरी सोडून ताई घरी आहेत. लायब्ररीत काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचं, पत्रक दिसलं: नुकत्याच बाळंत झालेल्या आईला बाळासकट काही आठवडे आपल्या घरी ठेवून घेणारे ‘पॅरेंट अँड चाइल्ड’ फॉस्टर केअरर हवेत. ताईंना वाटतं, घरात पुन्हा बाळ येईल, एखाद्या बिचाऱ्या मुलीला माहेर मिळेल. यजमान म्हणतात, “परक्या पोरीला घरात घ्यायचं आणि तिच्यावर पाळत ठेवून रिपोर्ट लिहायचा, ही हेरगिरी झाली.” साताऱ्याहून दर उन्हाळ्यात चार महिने येणाऱ्या सासूबाई मात्र खूश आहेत, त्यांनी राईची उशी शिवायला घेतली आहे. ताईंचा शेवटचा प्रश्न असा: “त्या मुलीला नाहीच जमलं, तर बाळ आम्हीच ठेवून घेऊ. सावित्रीबाईंनीही यशवंतला असंच घेतलं ना? मग अडचण काय?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. पत्रात बाळ जागोजागी आहे. त्याची आई दोनदाच येते, आणि दोन्ही वेळा ‘बिचारी’ म्हणून.

मी इंग्लंडमध्ये सोळा वर्षं मुलांची सोशल वर्कर म्हणून काम केलं. या प्रकारच्या घरांमध्ये किती संध्याकाळी बसले असेन, त्याचा हिशेब नाही. तिथे बाळ सांभाळणं हे काम नसतं. बाळ सांभाळणारीला सांभाळणं, आणि तिला ते जमतंय का हे बघणं, हे काम असतं. ऐकायला फरक बारीक वाटतो. पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

तुमच्या दारात कोण येईल ते आधी सांगते. एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी, जी स्वतःच लहानपणापासून फॉस्टर घरांत, म्हणजे सांभाळायला सोपवलेल्या परक्या कुटुंबांत, वाढली आहे. किंवा तिशीतली बाई, जिची आधीची दोन मुलं कोर्टाने काढून घेतली आहेत आणि जी आता वर्षभर दारू-ड्रग्जपासून लांब आहे. मारहाण करणाऱ्या जोडीदाराला नुकतीच सोडून आलेली कुणी. आकलन कमी असल्यामुळे एक सूचना दहा वेळा सांगावी लागणारी कुणी. कधी नुसता बाप आणि बाळ, कधी दोघंही. बहुतेक वेळा प्रसूतीच्या वॉर्डमधून थेट तुमच्याकडे, हातात दोन पिशव्या. यातली प्रत्येकजण बिचारी नसते. काही तुमच्यावर चिडलेल्या असतात, कारण तुमच्या घरी येणं त्यांनी खरं तर निवडलेलं नसतं. दुसरा पर्याय बाळापासून वेगळं होण्याचा होता, म्हणून ‘हो’ म्हटलेलं असतं.

असा मुक्काम साधारण बारा आठवड्यांचा असतो, लांबतोही. प्रकरण कोर्टात असेल तर 2014 च्या कायद्याप्रमाणे ते 26 आठवड्यांत निकाली काढायचं असतं, त्यामुळे घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू असतं. प्रश्न एकच: ही आई या बाळाला सुरक्षित आणि पुरेसं नीट वाढवू शकेल का? ‘पुरेसं’ हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्याइतकं नीट, असं कोर्ट विचारत नाही.

आता माहेराचं. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते. सव्वा महिना आई तिला अंथरुणातून उठू देत नाही, बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई येते, रात्री बाळ रडलं तर आजी खांद्यावर टाकून फेऱ्या घालते. त्या बाळंतपणाचा सगळा अर्थच हा की दुसऱ्यांचे हात काम करतात आणि आई निजते. हेच तुम्ही रेडिंगला केलंत तर काय होईल? बारा आठवड्यांनी कोर्टात कुणीतरी विचारेल, रात्री कोण उठत होतं? तुमच्या वहीत उत्तर असेल: मी. त्या मुलीला तुम्ही मायेने झोपू दिलंत, आणि त्या मायेमुळे तिच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

म्हणून या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे हात मागे बांधून उभं राहणं. रात्री दोन वाजता मॉनिटरवर बाळाचं रडणं ऐकू येतं. तुम्ही उठता, तिच्या दारावर टकटक करता, “उठतेस ना गं? बाळ जागं झालंय,” म्हणता आणि दारात थांबता. ती पेंगुळलेल्या डोळ्यांनी बाटली तयार करते, पावडरचे चमचे मोजताना चुकते, पुन्हा मोजते. तुमचे हात शिवशिवतात. पहिल्या आठवड्यात तुम्ही एकदा करून दाखवायचं. पुढच्या वेळी तिच्या बाजूला उभं राहायचं. त्यानंतर फक्त बघायचं. बाळाला धोका असेल, तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही, उचलायचं. धोका आणि गैरसोय यांतला फरक ओळखणं प्रशिक्षणात शिकवतात, पण अंगवळणी पडायला काही रात्री जाव्या लागतात. दोन मुलं वाढवलेल्या आपल्यासारख्या बायकांना तर हे जास्तच जड जातं. आपल्याला वाटतं की आपल्याला येतं, आणि येतंही. पण इथे त्याची परीक्षा नसते.

तुमच्या यजमानांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पाळत असतेच. सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याचदा चोवीस तास लक्ष ठेवायला सांगतात, बाळाला घेऊन ती एकटी बाहेरही जाऊ शकत नाही. तुम्ही रोज नोंदी लिहिता, त्या बाळाच्या सोशल वर्करकडे जातात, तिथून कोर्टात जाऊ शकतात, आणि प्रसंगी साक्षीला तुम्हालाही बोलावलं जातं. पण हेर लपून लिहितो. तुम्ही लपवायचं नाही. ज्या घरांमध्ये हे काम नीट झालेलं मी पाहिलं, तिथे संध्याकाळी चहाबरोबर त्या दिवसाची नोंद त्या मुलीला वाचून दाखवली जायची. तिला पटलं नाही तर तिचं म्हणणंही खाली लिहिलं जायचं. अशा घरातल्या मुलीला कोर्टात पहिल्यांदाच काही ऐकून धक्का बसत नाही.

लिहायचं कसं, तेही सांगते. “आज आई आळशीपणा करत होती” ही नोंद निरुपयोगी आहे, आणि अन्यायाचीही. “2.10 ला बाळ रडलं. 2.25 ला मी दारावर टकटक केली. 2.30 ला आईने 90 मिली दूध तयार केलं, बाळाला कुशीत घेऊन पाजलं, बाळाशी बोलत होती” ही नोंद आहे. तिच्यातलं शेवटचं वाक्य विसरू नका. चुका आपोआप डोळ्यांत भरतात, चांगलं ते मुद्दाम टिपावं लागतं. मी एका प्रकरणात केअररची वही वाचली होती. एकोणीस वर्षांची आई, दोन वेळा हेल्थ व्हिजिटरची (तान्ह्या बाळांची तब्येत बघायला येणाऱ्या नर्सची) भेट चुकवलेली, बोलायला उद्धट. वहीत एका पानावर होतं: बाळाला लस दिली तेव्हा आई रडली, घरी येऊन तासभर त्याचा पाय चोळत बसली. ती दोघं पुढे एकत्र घरी गेली, मदतीला माणसं देऊन. त्या एका नोंदीमुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रकरणाच्या कागदांत त्या मुलीच्या बाजूने बोलणारं जे थोडं होतं, त्यात ते पान होतं.

आणि निर्णय तुमचा नसतो, हे यजमानांना नक्की सांगा. बाळाचा सोशल वर्कर, बाळाच्या वतीने कोर्टाने नेमलेला गार्डियन, आईचा वकील (अशा प्रकरणात आईवडिलांना वकील सरकारी खर्चाने मिळतो, उत्पन्न कितीही असो) आणि शेवटी न्यायाधीश, एवढी माणसं त्यात असतात. तुम्ही जे पाहिलं, ते सांगणारे.

इथून तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. बाळ आम्हीच ठेवून घेऊ.

ताई, हे वाक्य तुम्ही मायेने लिहिलंय, यात मला शंका नाही. पण विचार करा. ज्या मुलीबद्दल तुम्ही रोज नोंदी लिहिणार, तिला जमलं नाही तर बाळ तुमच्याकडे राहील अशी आशा तुमच्या मनाच्या एखाद्या कोपऱ्यात असेल, तर तुमचं पेन सरळ चालेल का? तुम्ही कितीही प्रामाणिक असलात, तरी तिच्या वकिलाने हा प्रश्न विचारला तर तुम्ही काय सांगाल? तिला स्वतःला हा विचार कळला, तर ती तुमच्यासमोर बाळाला जवळ घेताना सहज राहील का?

सावित्रीबाई आणि जोतिरावांचं तुम्ही उदाहरण दिलंत, ते जवळचं आहे, म्हणून वरवर उत्तर देत नाही. 1863 साली पुण्यात फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल बरोबर न्यावं की तिथेच ठेवावं हे त्यांच्या मर्जीवर, असं त्यांनी जाहीर केलं होतं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेच्या मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतलं, तो यशवंत. पण त्या घरात काशीबाईंवर कुणी रिपोर्ट लिहीत नव्हतं. मर्जी आईची होती. तुमच्या घरी येणाऱ्या मुलीची ती मर्जीच कोर्टात अडकलेली असेल. घराचं दार उघडणं दोन्हीकडे सारखं, बाकी सगळं उलटं आहे.

शिवाय प्रत्यक्षात होतं काय, तेही ऐका. आईला जमलं नाही असं ठरलं, तर आधी नातेवाइकांचा विचार होतो: आजी, मावशी, बापाकडचं कुणी. ते नसेल तर दत्तक घेणारं कुटुंब, जे वेगळ्या रांगेतून निवडलं जातं. मधल्या काळात बाळ काही दिवस तुमच्याकडेच राहू शकतं, किंवा त्याच दुपारी कार सीट घेऊन सोशल वर्कर दारात येऊ शकतो. ती दुपार या कामाचा भाग आहे. तिची तयारी आधी करा. दत्तक हीच मनातली खरी इच्छा असेल तर तो रस्ता वेगळा आहे, सरळ त्या दाराने जा. त्यात कमीपणा काही नाही.

आता घरातलं. सासूबाईंच्या राईच्या उशीचं वाचून हसू आलं, माझ्याही डोक्याखाली होती म्हणे. पण ती पाठवू नका असं त्यांना आत्ताच सांगा. इंग्लंडमधला सल्ला स्पष्ट आहे: बाळ पाठीवर, सपाट गादीवर, स्वतःच्या कॉटमध्ये, उशी-गोधडी-खेळणी काही नाही, पहिले सहा महिने मोठ्या माणसाच्याच खोलीत. बाळ अचानक दगावण्याचा धोका कमी व्हावा म्हणून हे सगळं असतं. गुटीबरोबर मध चाटवणं, तेही नाही. वर्षाच्या आत मध दिल्याने बाळाला बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. काजळ नको, धुरी नको. मालिशला हरकत नसते, पण ती आईने करायची, तिला हवी असेल तर. सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना एवढंच सांगा की बाळ आपलं नाही, त्याच्या अंगाला काय लावायचं हे ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि त्या चार महिने राहतात, म्हणजे पाहुण्या म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या काउन्सिलकडे किंवा फॉस्टरिंग एजन्सीकडे अर्ज कराल, तिला पहिल्याच भेटीत सांगा, त्यांची चौकशी आणि तपासण्या होतील.

स्वयंपाकघर शाकाहारी आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात फ्रिजमध्ये सॉसेजचं पाकीट ठेवायला तुमची तयारी आहे का, हे आजच घरात बोलून घ्या. बाळंतिणीला तिच्या सवयीचं अन्न मिळालं पाहिजे. स्वतंत्र कप्पा, स्वतंत्र तवा चालेल. ‘आमच्याकडे चालत नाही’ चालणार नाही.

यजमानांसाठी काही नियम येतील, आणि ते त्यांच्याच रक्षणासाठी असतात. तिच्या खोलीत जायचं नाही, तिच्याबरोबर गाडीत एकटं जाणं टाळायचं, घरात बनियनवर फिरायचं नाही. अशा घरांमध्ये कधी कधी आरोप होतात, खरे आणि खोटेही, आणि चौकशी प्रत्येकाची होते. यजमान आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतात, म्हणजे मीटिंग चालू असताना खालून भांडणाचा आवाज येऊ शकतो. त्यांचा ‘हो’ खरा असला पाहिजे. ‘तुला हवं तर कर’ असा ‘हो’ मी बराच पाहिलाय, तो सहाव्या आठवड्याला मोडतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. बाळाचा एकही फोटो साताऱ्याच्या ग्रुपवर जाणार नाही. गणपतीत मंडळात ती तुमच्याबरोबर आली आणि कुणी विचारलं, “ही कोण?”, तर “आमच्याकडे राहतेय,” एवढंच. तिची हकीकत ही तिची आहे, पुढे त्या बाळाची आहे. आपल्या लोकांमध्ये हे पाळणं किती कठीण, ते तुम्हालाही माहीत आहे.

तिला हे सगळं नको झालं आणि एका रात्री ती दाराकडे निघाली, तर? तुम्ही दार अडवायचं नाही. ती सज्ञान असेल, तर ती स्वतः जाऊ शकते. बाळाला नेऊ शकते का, हे बाळ कोणत्या कायदेशीर आधारावर तुमच्याकडे आहे त्यावर ठरतं. आईच्या संमतीने, म्हणजे 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम 20 खाली असेल तर ती नेऊ शकते. कोर्टाची अंतरिम केअर ऑर्डर, म्हणजे बाळाची जबाबदारी तात्पुरती काउन्सिलकडेही देणारा आदेश, असेल तर नाही. म्हणून पहिल्या बैठकीत, ती मुलगी घरात पाऊल टाकण्याआधी, हे विचारून कागदावर लिहून घ्या. रात्रीचा आणीबाणीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. बाळ धोक्यात दिसलं तर 999, हा तिथला पोलिसांचा आणीबाणीचा नंबर. पोलीस बाळाला 72 तासांपर्यंत संरक्षणात घेऊ शकतात.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, बहुधा संकोचाने. विचारा. या कामाला नेहमीच्या फॉस्टरिंगपेक्षा जास्त मोबदला असतो, पण काउन्सिल आणि खासगी एजन्सी यांचे दर वेगळे असतात, आणि दोन मुक्कामांच्या मधले महिने रिकामे जाऊ शकतात. केअरर कराच्या दृष्टीने स्वयंरोजगारी धरला जातो, त्यासाठी मोठी करसवलत आहे. बारा आठवडे तुम्हाला जवळजवळ घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा हा हिशेब मांडण्यात गैर काय? मन मोठं असलं तरी गॅसचं बिल येतंच.

मंजुरीला साधारण सहा महिने जातात. घरी अनेक भेटी होतात, पोलीस तपासणी, वैद्यकीय तपासणी, ओळखीच्यांची पत्रं, ‘स्किल्स टू फॉस्टर’ नावाचं प्रशिक्षण, शेवटी पॅनेलसमोर, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या समितीसमोर, बसणं. तुमच्या बालपणाबद्दल, लग्नाबद्दल, मुलांना कधी मारलं होतं का याबद्दल विचारतील. आपल्या पिढीला हे नकोसं वाटतं. खरं सांगा. मारलं असेल तर तेही सांगा, आणि आता काय वाटतं तेही. माझा अनुभव असा की लपवलेली गोष्ट जेवढी नडते, तेवढी सांगितलेली नडत नाही.

निदान दोन-तीन ठिकाणी फोन करा. या संस्थांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेचे अहवाल सगळ्यांना वाचता येतात, तेही बघा. प्रत्येकाला एकच गोष्ट खोदून विचारा: पहाटे तीनला मी फोन केला तर उचलतं कोण? माणूस की मशीन? आठवड्यातून काही तास तुमच्या जागी बदली माणूस मिळेल का, कोर्टात जाताना बरोबर कोण येईल, हे नंतर. आणि सुरुवातीलाच आई-बाळ मागू नका, असं माझं मत आहे. आधी वर्षभर साधं फॉस्टरिंग किंवा शनिवार-रविवारी दुसऱ्या केअररच्या जागी बदली काम करा. नोंदी लिहायची सवय होईल, यजमानांनाही कळेल आपण कशाला ‘हो’ म्हणतोय. काही एजन्सी थेट घेतात. तुमच्या बाबतीत मला तशी घाई दिसत नाही.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं. आई आणि बाळ दोघांना मिळून कुटुंबात ठेवण्याची इंग्लंडसारखी पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 खाली मूल फॉस्टर कुटुंबात ठेवता येतं, ते बाल कल्याण समितीच्या आदेशाने. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा. सावित्रीबाईंच्या नावाने चालणारी बालसंगोपन योजनाही आहे. एकट्या आईला बाळासह आसरा हवा असेल तर आज बहुतेक वेळा निवारागृहच दाखवलं जातं.

ताई, एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करा. यजमानांना घेऊन बसा आणि ती मुलगी समोरच्या खुर्चीत बसली आहे असं समजा. बाळ तिच्या मांडीवर रडतंय, ती फोनमध्ये बघतेय. दोघांनी आपापल्या कागदावर पाच ओळींची नोंद लिहा आणि एकमेकांना वाचून दाखवा. तुमच्या कागदावर ती मुलगी किती ओळींत आहे, ते मला पुढच्या पत्रात कळवा. आणि हो, ते पत्र यजमानांनी लिहिलं तरी चालेल.